जर्मनीत मास्टर्स करायचंय? मग तिसऱ्या वर्षाची इलेक्टिव्हज आत्ताच बघ

सांगली जिल्ह्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेल्या एका मुलाने विचारलं आहे: सीजीपीए ७.४ आहे, एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) केटी लागली होती, ती पुढच्या सत्रात सुटली. जर्मनीत मास्टर्स करायचं आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, चार एकर द्राक्षबाग. एका कन्सल्टंटने ‘आत्ताच नोंदणी करा, पुढचं सगळं आम्ही बघतो’ असं म्हणून दीड लाख रुपये सांगितले आहेत. एवढ्या गुणांवर जमेल का, तयारी कधी सुरू करायची, पैशांचं कसं करायचं आणि कन्सल्टंट घ्यावा का?

मी जर्मनीतल्या एका तांत्रिक विद्यापीठात मास्टर्स केलं, काही वर्षं तिथेच नोकरी केली, आणि आता इथे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता बाहेर जाणाऱ्या मुलांचे अर्ज बघते. तू दुसऱ्या वर्षातच विचारलंस याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेक मुलं माझ्याकडे शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत येतात. तोवर गुणपत्रिकेवर जे छापून यायचं ते आलेलं असतं आणि माझ्या हातात फक्त फॉर्म भरून देणं उरतं. तुझी चार सत्रं अजून बाकी आहेत आणि त्या चार सत्रांवर तुझा ताबा आहे.

जमेल, पण कशावर जमतं ते आधी नीट समजून घे. अमेरिकेला गेलेले सिनिअर सांगतात, ‘प्रोफाइल बिल्ड कर’. म्हणजे एसओपी (काय आणि का शिकायचंय ते सांगणारं पत्र) झकास हवा, पेपर छापलेला हवा, क्लबचं अध्यक्षपद हवं. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत अभियांत्रिकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना यातलं फार थोडं लागतं. तिथे आधी दोन गोष्टी तपासतात. तुझे गुण त्यांच्या मोजपट्टीवर किती होतात, आणि त्यांच्या मास्टर्सला जे विषय पाया म्हणून हवेत ते तू पुरेशा श्रेयांकांनिशी (क्रेडिट्सनिशी) शिकला आहेस का. या दोन चाळण्यांतून अर्ज खाली पडला तर तुझा एसओपी कुणी उघडतही नाही. काही हजार रुपये भरून कुठल्याशा जर्नलमध्ये पेपर छापून आणणाऱ्या मुलांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. त्याच पैशांत आणि वेळेत एखादा विषय पक्का झाला असता.

पहिली चाळणी गुणांची. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपले गुण त्यांच्या पट्टीवर नेण्यासाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने त्याला भाग, तिनाने गुणाकार कर आणि एक मिळव. तुझ्या ७.४ चा हिशेब करू. कमाल १०, किमान उत्तीर्ण ४ धरले, तर २.६ भागिले ६ गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.३. पण किमान उत्तीर्ण ५ धरले तर हेच गणित २.५६ वर जातं. पुष्कळ अभ्यासक्रमांची अट ‘२.५ किंवा त्याहून चांगले’ अशी असते. म्हणजे तोच मुलगा, तीच गुणपत्रिका, आणि उत्तीर्णतेचा आकडा ४ की ५ यावर तो आत किंवा बाहेर.

म्हणून गुणपत्रिकेच्या मागची बारीक अक्षरातली श्रेणींची तालिका आजच वाच. तुमच्या कॉलेजात सर्वांत खालच्या उत्तीर्ण श्रेणीला किती गुणांक आहेत ते बघ. स्वायत्त कॉलेजांत हे नियम मूळ विद्यापीठाहून वेगळे असू शकतात. तालिका छापलेली नसेल किंवा संदिग्ध असेल, तर परीक्षा विभागाकडून लेटरहेडवर तसं पत्र आत्ताच मागून ठेव. शेवटच्या वर्षी जूनमध्ये मागशील तेव्हा परीक्षा विभागातले सगळे निकालाच्या कामात बुडालेले असतील.

आता पुढचं बघ. उरलेल्या चार सत्रांत सरासरी ८.२ मिळवलीस, आणि श्रेयांक साधारण सारखेच धरले, तर शेवटचा सीजीपीए ७.८ होतो. मग किमान उत्तीर्ण ५ धरूनही तू २.३२ वर येतोस आणि अट आरामात पार करतोस. आठ-दोन ही काही आभाळातली गोष्ट नाही. टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, विषय आपल्या शाखेचे असतात, त्यामुळे अनेक मुलांचे गुण तिथे वर चढतात. केटीची चिंता सोड. सुटलेल्या एका केटीवर तुझा प्रवेश अडणार नाही. एम-थ्रीचं मला वेगळ्या कारणाने बोलायचं आहे, ते पुढे सांगते.

दुसरी चाळणी विषयांची, आणि आपल्याकडची हुशार मुलंसुद्धा सगळ्यात जास्त इथेच अडकतात. तुला आवडलेल्या मास्टर्सच्या पानावर जा आणि प्रवेशाचे नियम उघड. बहुतेक ठिकाणी ते जर्मनमध्ये ‘त्सुलासुंग्सऑर्डनुंग’ किंवा तत्सम नावाच्या पीडीएफमध्ये असतात. भाषांतराचं यंत्र लावून वाच, पण वाच. त्यात अमुक श्रेयांक गणित, अमुक यांत्रिकी, अमुक ऊष्मागतिकी, अमुक पदार्थविज्ञान अशी यादी असते. त्यांचे श्रेयांक ईसीटीएस या युरोपीय पद्धतीत मोजतात, वर्षाला ६०. आपल्याकडे एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांचे मिळून १६० श्रेयांक, म्हणजे वर्षाला ४०. त्यामुळे आपला एक श्रेयांक म्हणजे दीड ईसीटीएस असा ढोबळ हिशेब धरता येतो. अंतिम आकडा ते विद्यापीठ ठरवतं, पण घरी बसून अंदाज घ्यायला एवढं पुरतं.

उदाहरण घे. समज, एका अभ्यासक्रमाला गणिताचे २० ईसीटीएस हवेत. तुझे एम-वन, एम-टू, एम-थ्री प्रत्येकी ४ श्रेयांकांचे, एकूण १२, दीडपट केले तर १८. म्हणजे दोन कमी पडतात. आता टीईला ‘न्यूमेरिकल मेथड्स’ किंवा ‘संभाव्यता व सांख्यिकी’ असं इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय, असेल आणि तू ते घेतलंस, तर हा खड्डा भरला. वर्गमित्रांबरोबर राहायला मिळतं किंवा सर गुण सढळ देतात म्हणून दुसरंच काही घेतलंस, तर तो खड्डा पुढे कशानेही भरता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मायनर आणि ओपन इलेक्टिव्हचे पर्यायही आले आहेत. बहुतेक मुलं ते आवडीने किंवा आळसाने निवडतात. तू ते या यादीशी ताडून निवड.

एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सेसबद्दल मुलं हमखास विचारतात. नुसतं प्रमाणपत्र जोडल्याने विषयांच्या या हिशेबात सहसा भर पडत नाही. कॉलेज त्या कोर्सचे श्रेयांक तुझ्या गुणपत्रिकेवर दाखवणार असेल तर मात्र त्याला मोल आहे. डीनना किंवा विभागप्रमुखांना हे आधी विचार, आणि शक्य असेल तर लेखी घे.

याच्याशी जोडलेलं एक कंटाळवाणं काम आहे, पण ते कर. प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, युनिटनिहाय, तासांच्या संख्येसह, पीडीएफ करून साठव. कॉलेजं पॅटर्न बदलतात. नवा पॅटर्न आला की संकेतस्थळावरून जुना गायब होतो, आणि दोन वर्षांनी जर्मन विद्यापीठ ‘फ्लुइड मेकॅनिक्समध्ये नेमकं काय शिकलात’ असं विचारतं तेव्हा तुझ्याजवळ दाखवायला काही नसतं. कॉलेजच्या शिक्क्यासह एक प्रत करून घेतलीस तर आणखी उत्तम.

घरून एक सूचना येईल, म्हणून आत्ताच सांगते. ‘मेकॅनिकलला काही राहिलं नाही, तिकडे जाऊन डेटा सायन्स कर.’ अमेरिकेत असा उडी मारून शाखाबदल काही प्रमाणात जमतो. जर्मनीत बहुतेक मास्टर्स हे पदवीचाच पुढचा टप्पा म्हणून आखलेले असतात, आणि संगणकशास्त्राचे श्रेयांक नसलेल्या मेकॅनिकलवाल्याला तिथे दार बंद असतं. मधल्या वाटा आहेत: मेकॅट्रॉनिक्स, कम्प्युटेशनल मेकॅनिक्स, ऑटोमोटिव्ह, ऊर्जा अभियांत्रिकी, उत्पादन अभियांत्रिकी. त्यांतही प्रोग्रामिंग भरपूर आहे. पण तुला यांत्रिकी मनापासून नकोच असेल, तर जर्मनी हा तुझा देश नाही, आणि पैसे खर्च होण्याआधी हे कळलेलं बरं. तुझ्याबरोबर तीन वर्षांचं बीएस्सी किंवा बीकॉम करणारे मित्र असतील तर त्यांनाही एक सांग: काही जर्मन विद्यापीठांना आपली तीन वर्षांची पदवी चालते, काहींना चालत नाही. त्यांनी चौथ्या ऑनर्स वर्षाचा निर्णय घेण्याआधी आपल्या पसंतीच्या अभ्यासक्रमांचे नियम वाचावेत.

आता भाषा. ‘कोर्स इंग्लिशमधून आहे, मग जर्मन कशाला?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की मी उत्तर अगदी सरळ देते: प्रवेशाला नाही, पण नंतरच्या प्रत्येक गोष्टीला जर्मन लागतं. खोली शोधताना घरमालकाशी बोलायला, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच्या ‘वेर्कश्टुडेंट’ (शिकता शिकता करायच्या) नोकरीच्या मुलाखतीला, कंपनीत मास्टर थिसिस मिळवायला, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला जी १८ महिन्यांची मुदत मिळते तेव्हा तर फारच. मोठ्या मोटार कंपन्यांच्या भरवशावर इंग्लिशवर भागून जायचे दिवस आता सरत चालले आहेत. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात २०३० पर्यंत जर्मनीतली ३५,००० हून जास्त पदं कमी करायचं ठरलं आहे. चाकणमुळे आपल्या मुलांना फोक्सवॅगन, मर्सिडीज, बॉश ही नावं घरची वाटतात आणि तीच तीन नावं डोक्यात घेऊन ती निघतात. तिकडे खरी भरती मध्यम आकाराच्या, कुटुंबांच्या मालकीच्या, लहान गावांतल्या कंपन्यांतही होते, आणि तिथला कामकाजाचा सगळा व्यवहार जर्मनमध्ये चालतो.

तेव्हा ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, येत्या दिवाळीआधी सुरू कर. टीई संपेपर्यंत ए-टू, आणि निघेपर्यंत बी-वन. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तुला सांगलीहून रोज जाणं शक्य नाही, पण ऑनलाइन वर्ग चांगले आहेत. वर्ग कुठलाही लाव, परीक्षा मात्र गोएथे किंवा टेल्कसारखी मान्यताप्राप्त दे. मराठी मुलांना उच्चारांचा त्रास कमी होतो असा माझा वर्गातला अनुभव आहे. डेर-डी-दासची लिंगं पाठ करायचा कंटाळा येतो, पण नपुंसकलिंग ही कल्पना तरी आपल्याला परकी नाही. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र आत्ता देऊ नकोस. त्याची वैधता दोन वर्षांची असते. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला दे. पुष्कळ ठिकाणी ६.५ लागतात.

वेळापत्रकात एक खाच आहे. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि अनेक ठिकाणी अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते, पण काही विद्यापीठांत बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ती मे अखेर, तर काही ठिकाणी थेट मार्चमध्येच संपते. तुझा आठव्या सत्राचा निकाल जून-जुलैत लागणार. म्हणजे अनेक अर्ज सातव्या सत्रापर्यंतच्या गुणांवर करावे लागतील, आणि काही अभ्यासक्रमांना पूर्ण पदवीच हवी असेल. मग व्हिसाची भेट मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि मुलं अर्धं सत्र बुडवून पोहोचतात. पहिलंच सत्र असं गेलं की पुढची दोन सत्रं त्याची भरपाई करण्यात जातात.

माझा सल्ला तुझ्या घरी कदाचित आवडणार नाही. पदवीनंतर एक वर्ष नोकरी कर आणि मग जा. ‘गॅप पडला’ म्हणून आपल्याकडे आई-वडील घाबरतात. त्या वर्षात तू कुपवाड, शिरोली किंवा चाकणच्या एमआयडीसीत डिझाइन, उत्पादन, गुणवत्ता यापैकी कुठल्याही विभागात काम केलेलं असेल, तर त्याकडे कुणी बोट दाखवत नाही. उलट थिसिस आणि वेर्कश्टुडेंट नोकरीच्या वेळी तो अनुभव सगळ्यात आधी वाचला जातो. पदवी हातात असते, जर्मन बी-वनला पोहोचतं, थोडे पैसे साठतात, आणि अर्ज घाईत होत नाहीत. काही अभ्यासक्रम एप्रिलच्या उन्हाळी सत्रातही प्रवेश देतात, तोही पर्याय बघ.

कागदपत्रांची घाई तर आत्ताच कर, कारण आपल्या नावांचा घोळ फार होतो. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. एवढा क्रमाचा फरक चालतो, पण स्पेलिंगचा फरक चालत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि आधारवर दुसरंच स्पेलिंग असेल तर ते आधी दुरुस्त करून घे आणि मगच पासपोर्ट काढ. राजपत्रातून नाव बदलावं लागलं तर त्यात महिने जातात.

एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचंही ऐक. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का, हे ते तपासतात. शुल्क १८,००० रुपये. अर्जांच्या हंगामात तिथे गर्दी होते, म्हणून पात्र होताच अर्ज टाकायचा. पुष्कळ विद्यापीठं अर्ज ‘उनी-असिस्ट’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत घेतात: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. म्हणून पंचवीस ठिकाणी अर्ज फेकू नकोस. नियम वाचून जिथे बसतोस अशी सहा-सात ठिकाणं निवडलीस तर ती पुरतात.

पैसे. वडिलांशी हे बोलणं पुढे ढकलू नकोस. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राला साधारण १०० ते ४०० युरोंची वर्गणी असते. अपवाद लक्षात ठेव. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य, म्हणजे श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह जिथे आहेत ते, २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४-२५ पासून मास्टर्सच्या नव्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार सत्राला ४,००० ते ६,००० युरो लावतं. नाव मोठं म्हणून तिथे अर्ज करण्याआधी हा आकडा वडिलांसमोर ठेव.

खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरून दाखवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो तुला मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ते बारा लाख झाले. विमान, व्हिसा, विमा, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याची भांडीकुंडी आणि थंडीचे कपडे धरून पहिल्या वर्षाला १४ ते १५ लाख रुपये हाताशी हवेत. हे पैसे फी नाहीत, तुझ्याच पोटासाठी आहेत, हे वडिलांना समजावून सांग. त्यांचा जीव बराच हलका होईल. शहराने फरक पडतो. केम्निट्झसारख्या ठिकाणी वसतिगृहातली खोली तीनशे युरोंच्या आसपास मिळू शकते, म्युनिकला खासगी खोलीला त्याच्या दुपटीहून जास्त जातात.

दुसऱ्या वर्षाचा खर्च अर्धवेळ कामातून बराचसा निघतो, पण पहिल्या वर्षी त्यावर विसंबू नकोस. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची परवानगी असते, आणि किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. हे आकडे बघून मुलं गोदामात रात्रपाळ्या करत सुटतात आणि परीक्षा बुडवतात. पहिलं सत्र फक्त अभ्यासाला आणि भाषेला दे.

कर्जाबाबत एक गोष्ट शेतकरी घरांना हमखास उशिरा कळते. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत, कारण थकबाकी वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. चार एकर बाग असूनही बँक मॅनेजर मान हलवतो, आणि वडिलांना तो अपमान वाटतो. तो त्यांचा दोष नाही, कायद्याची रचनाच तशी आहे. गावठाणातलं घर, एनए प्लॉट, मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी यांपैकी काय आहे ते आत्ताच बघा, आणि घराचे उतारे, वारसनोंदी आजोबांच्या नावावर अडकल्या असतील तर त्या सोडवायला लागा. शिक्षकाचा पगार नियमित असल्याने वडील सहकर्जदार म्हणून भक्कम आहेत, ही जमेची बाजू. हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं व्याज दर महिन्याला भरत गेलात तर ओझं खूप कमी होतं.

शिष्यवृत्त्यांमध्ये इरास्मस मुंडुस नक्की बघ. दोन-तीन देशांत मिळून मास्टर्स होतं आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात आणि स्पर्धा कडक असते. इथे मात्र एसओपी आणि शिफारसपत्रं मनापासून लिहावी लागतात, म्हणून तुला खरोखर ओळखणारे दोन शिक्षक टीईत जोडून ठेव. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध विद्यार्थी असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; त्यासाठी विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं, तेव्हा विद्यापीठांची यादी करतानाच हे बघ. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची योजना आहे. टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डोमेंट सगळ्यांना खुला आहे. तो कर्जरूपाने मदत करतो.

आता कन्सल्टंट. दुसऱ्या वर्षात नोंदणी करण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे दीड लाख देऊ नकोस. सरकारी विद्यापीठाचा अर्ज तू स्वतः भरू शकतोस, आणि वर सांगितलेलं गुणांचं गणित व विषयांची जुळणी तुझ्याइतक्या आपुलकीने दुसरं कुणी करणार नाही. सगळेच कन्सल्टंट वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण त्यांचं कमिशन बहुतेक खासगी कॉलेजांकडून येतं, आणि ‘जर्मनीत प्रवेश पक्का’ म्हणून जे दाखवलं जातं ते पुष्कळदा वर्षाला दहा-पंधरा लाख फी घेणारं खासगी कॉलेज असतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या घरच्यांनी अशी फी भरली, आणि तिथे गेल्यावर कळलं की तिचे निम्म्याहून जास्त वर्ग ऑनलाइन होते. नाव ऐकलंस की दोन ठिकाणी तपास: डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या अभ्यासक्रमांच्या यादीत, आणि ‘होखशूलकोम्पास’ या संकेतस्थळावर, जिथे संस्था सरकारी आहे की खासगी हे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या यादीत ‘होखशूल’ म्हणजे उपयोजित विज्ञानाची विद्यापीठंही भेटतील. त्यांना कमी समजू नकोस. ज्याला प्रत्यक्ष उद्योगात काम करायचं आहे त्याला ती अनेकदा जास्त मानवतात, वर्ग लहान असतात आणि प्राध्यापक स्वतः कंपन्यांत काम करून आलेले असतात.

आणि एम-थ्री. जर्मनीत अनेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालास तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही सहसा पुढे चालू ठेवता येत नाही. आपल्यासारखी केटी घेऊन पुढे सरकत राहण्याची सोय नाही. इंटर्नलचे गुण बहुधा नसतात. सत्राच्या शेवटी एकच लेखी किंवा तोंडी परीक्षा, आणि तिच्यावर सगळं. फायनाइट एलिमेंट, कंट्रोल्स, फ्लुइड या सगळ्यांत डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लाप्लास रूपांतर गृहीत धरून पहिल्या तासालाच पुढे जातात. तुझी केटी कागदावर सुटली आहे. पण तो विषय डोक्यात सुटला आहे का, हे तुलाच ठाऊक. नसेल, तर या सुट्टीत एम-थ्रीचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सोडव. मी गुणांबद्दल एवढं बोलले, पण एवढं एकच सांगायची मुभा असती तर मी हे सांगितलं असतं.

तिकडे पोहोचल्यावरच्या दोन गोष्टी. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा सवलतीत मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. स्वस्त खासगी विम्याच्या मोहात त्यातून सूट घेतलीस तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. आणि खोली न बघता, करार हातात न येता कुणालाही आगाऊ डिपॉझिट पाठवू नकोस, समोरचा कितीही सभ्य इंग्रजीत लिहीत असला तरी.

टीईचे इलेक्टिव्ह फॉर्म निघण्याआधी एवढं करून ठेव: तीन अभ्यासक्रम निवड, त्यांचे प्रवेशाचे नियम उतरव, एका वहीत डावीकडे त्यांना हवे असलेले विषय आणि श्रेयांक लिही, उजवीकडे तुझे. उजवीकडे जिथे जागा रिकामी राहते तिथे कुठलं इलेक्टिव्ह बसतं ते बघ. ते पान आणि तुमच्या कॉलेजची श्रेणींची तालिका मला पाठव, मी तपासून देईन.